पडद्यावरचा बाळकृष्ण

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांच मैलांवर धाम नदी लागते आणि तिच्या कांठीं पवनार हें गांव वसलेलें आहे. गांवाचें नांव निघालें कीं आज आचार्य विनोबा भावे यांचा परंधाम आश्रम डोळ्यांपुढें येतो. परंतु पवनारचें वय आश्रमाहून फार मोठें आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादन केलें, आणि नदीकांठच्या जमिनींतून निघालेल्या पांचव्या शतकांतील शिल्पांनीं त्या मताला बळकटी आणिली. त्यांतील कांहीं शिळांवर मिराशींना रामकथेंतील प्रसंग ओळखूं आले. कोणे एके काळीं धामेच्या तीरावर एखादें मोठें मंदिर असावें, त्याच्या भिंतींवरून देवाचें चरित्र लोक डोळ्यांनीं वाचीत असावेत, आणि पुढें मंदिराबरोबर तें चरित्रहि मातीखालीं गडप झालें असावें, एवढें अनुमान त्या शिळा पाहून कोणीहि करूं शकेल.

१९३८ सालीं विनोबा प्रकृतीच्या कारणानें पवनारास राहावयास आले. तेथें जमीन खणीत असतां त्यांना एक मूर्ति सांपडली, आणि ती पाहतांच त्यांनीं ती ‘भरत-राम भेट’ म्हणून ओळखली. या ओळखीमागें एक जुनी गोष्ट होती. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं व तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. बाराव्या अध्यायांत सगुण आणि निर्गुण भक्तीचा विचार करितांना त्यांनीं राम आणि भरत यांच्या भेटीचें एक चित्र श्रोत्यांपुढें उभें केलें होतें. एक वनांत राहिलेला, दुसरा राज्य सांभाळून तप केलेला; पण दोघांचें रूप इतकें सारखें कीं, वनवासी कोण हें पाहणाराला कळूं नये. असें चित्र कोणी काढील तर तें किती पावन होईल, ही तेव्हांची त्यांची भावना. तुरुंगांत मनानें पाहिलेलें तेंच चित्र पुढें पवनारच्या मातीनें हातीं दिलें, असें त्यांना वाटलें. मूर्तीची आश्रमांत स्थापना झाली आणि पूजा सुरू झाली.

देव दिसतो तो नुसत्या डोळ्यांनीं नव्हे, डोळ्यांमागच्या भावानें दिसतो, ही गोष्ट या प्रसंगांत उघड आहे. परंतु दगडाच्या मूर्तीच्या बाबतींत एक प्रश्न उपस्थित होत नाहीं. दगडाला जात नसते, घर नसतें, आईबाप नसतात. तो देव कसा झाला, असें त्याला कोणी विचारीत नाहीं. देवाचें रूप घेऊन हाडामांसाचें माणूस उभें राहिलें, आणि त्यांतहि तें लहान मूल असलें, म्हणजे मात्र प्रश्न सुरू होतात. हें मूल कोणाचें? त्याला हा अधिकार कोणीं दिला? आणि त्याच्यापुढें हात जोडावयास कोणीं यावें, कोणीं येऊं नये? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हे प्रश्न महाराष्ट्रापुढें मोठ्या चमत्कारिक वाटेनें आले. ते कोणा शास्त्रीपंडिताच्या सभेंतून आले नाहींत. ते आले सिनेमाच्या पडद्यावरून. बाळकृष्णाच्या चित्रपटांचा इतिहास हा एका अर्थानें या प्रश्नांचा इतिहास आहे.

देवाचें सोंग घेण्याची चाल या देशांत नवी नव्हे. व्रजभूमींतील रासलीलेंत कृष्ण आणि राधा होणाऱ्या मुलांस ‘स्वरूप’ म्हणतात. मुकुट मस्तकीं चढला कीं तीं मुलें देवच समजलीं जातात. थोर माणसें त्यांच्या पायां पडतात. मात्र परंपरेनें हीं स्वरूपें ब्राह्मणांच्या मुलग्यांचीं असावयाचीं, असा दंडक आहे. महाराष्ट्रांतील रीत याहून मोकळी. येथें कीर्तनकार एकटाच उभा राहून घटकेंत यशोदा होतो, घटकेंत कृष्ण होतो. कोंकणांतील दशावतारांत आणि देवळांतील लळितांत सोंगें येतात आणि जातात. एकनाथांच्या गौळणींनीं आणि श्रीधराच्या ‘हरिविजया’नें गोकुळ घराघरांत नेलें. १७०२ सालीं पुरा झालेला तो ओवीबद्ध ग्रंथ बायकांनीं माजघरांत ऐकला, पुरुषांनीं पारावर वाचला. लोणी चोरणारा, गवळणींना छळणारा, आईच्या माराला भिणारा मुलगा हा मराठी माणसाचा परिचित देव आहे. वैकुंठींच्या विष्णूशीं बोलतांना शब्द जपावे लागतात. यशोदेच्या कान्ह्याला येथील आया खुशाल रागें भरत आल्या.

ही पुंजी पाठीशीं असलेला एक मनुष्य १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या एका चित्रगृहांत बसला होता. धुंडिराज गोविंद फाळके हें त्यांचें नांव. ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं त्यांचा जन्म झाला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. फोटोग्राफी, छपाई, ठसे करणें, जादूचे खेळ अशा नाना विद्या त्यांनीं करून पाहिल्या होत्या. त्या दिवशीं पडद्यावर येशू ख्रिस्ताचें चरित्र चाललें होतें. पुढें १९१७ सालीं ‘नवयुग’ मासिकांत फाळक्यांनीं आपल्या धंद्याची हकीकत लिहिली, तींत या दिवसाचें वर्णन आहे. डोळ्यांपुढून ख्रिस्ताचें चरित्र सरकत असतां मनश्चक्षूंपुढें श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या हीं उभीं राहत होतीं, असा त्याचा आशय आहे. एका धर्माच्या देवपुत्राची कथा पाहतांना दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपला देव आठवावा, ही साधी गोष्ट नव्हे. हिंदी चित्रपटव्यवसायाचा उगम धरावयाचा तो येथेंच धरावा लागतो.

पुढची कथा अनेकांस ठाऊक आहे. वाटाण्याच्या रोपाची वाढ क्रमाक्रमानें टिपून फाळक्यांनीं हातखंडा प्रयोग करून दाखविला, १९१२ सालीं ते विलायतेस जाऊन यंत्र घेऊन आले, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. या चित्रांत तारामतीचें काम साळुंके नांवाच्या पुरुषानें केलें. तो एका खाणावळींत स्वयंपाकी होता. स्त्रीभूमिकेसाठीं एकहि स्त्री मिळाली नाहीं. पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या दोघी पडद्यावर आल्या खऱ्या, पण कुलीन घरांतील लेकीसुनांनीं यंत्रापुढें उभें राहणें हें तेव्हां घराण्याला बट्टा लावणें होतें. १९१७ सालच्या ‘लंकादहना’त राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनींच केल्या. पडद्यावर राम दिसतांच प्रेक्षक हात जोडीत, अशा हकीकती नमूद आहेत.

१ जानेवारी १९१८ रोजीं नाशिक येथें हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली आणि भांडवलदारांच्या साह्यानें फाळक्यांनीं आपल्या आवडीचा विषय हातीं घेतला. त्याच सालीं ‘श्रीकृष्ण जन्म’ निघाला आणि १९१९ सालीं ‘कालिया मर्दन’. दोन्ही चित्रांत कृष्णाची भूमिका फाळक्यांनीं आपल्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला दिली. सहा वर्षांपूर्वीं राणीचें काम करावयास स्त्री मिळत नव्हती म्हणून पुरुषाला लुगडें नेसविणाऱ्या त्याच गृहस्थानें आतां प्रत्यक्ष देवाचा मुकुट एका मुलीच्या मस्तकीं ठेविला.

‘श्रीकृष्ण जन्मा’चे आज थोडेच तुकडे उरले आहेत. त्यांत नदीच्या पाण्यांतून बाळकृष्ण वर येतो आणि कांठावर हात जोडलेली माणसें त्याच्याकडे पाहतात. कंसाला जिकडेतिकडे कृष्णच दिसूं लागतो आणि आपलें मुंडकें धडावेगळें होत असल्याचा भास त्याला होतो. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा शिल्लक आहे. मूळचा सुमारें सहा हजार फुटांचा हा चित्रपट होता. त्यांतील साडेचार हजार फुटांच्या आसपास पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जतन केला आहे. १९६४ सालीं हें संग्रहालय स्थापन झालें, आणि तेथील पी. के. नायर यांनीं जुन्या मूकपटांचे अवशेष जमविण्याचें व्रत घेतलें, म्हणून ती मुलगी आजहि पाहतां येते.

या चित्रपटाचा आरंभ फार विचार करण्याजोगा आहे. आरंभीं कृष्ण येत नाहीं; आरंभीं येते ती सात वर्षांची एक मुलगी. तिचा चेहरा तेवढा पडद्यावर दिसतो. ती हंसते, रुसते, रागावते, आश्चर्य करते. एकामागून एक भाव त्या चेहऱ्यावरून सरकतात. मग त्याच चेहऱ्याच्या ठिकाणीं कृष्णाचा वेष हळूहळू उमटतो आणि कथा सुरू होते. हें कौशल्य दाखविण्यापुरतें असेल, मुलीचें कौतुक करण्यापुरतेंहि असेल. परंतु परिणाम त्याहून मोठा झाला आहे. कोणतीहि गोष्ट झांकून न ठेवतां फाळके प्रेक्षकांस आधींच सांगून टाकतात कीं, ही एक मुलगी आहे, तिला नीट पाहून घ्या. आतां हिच्यांतच तुम्हांस देव पहावयाचा आहे. जादूगार आपली जादू आधीं फोडतो आणि तरीहि ती लागू पडते. पवनारच्या शेतांत दगड देव झाला. नाशकांत मुलगी देव झाली. दोन्हीकडे काम पाहणाराच्या भावानेंच केलें.

चित्रांतील गोकुळ हें शास्त्रांतील गोकुळ नाहीं. तें नाशिक जिल्ह्यांतील एखादें खेडें शोभेल असें आहे. सवंगड्यांसह कान्हा लोण्यावर डल्ला मारतो, खोडी उघडकीस आली कीं घरीं तक्रार जाते, आणि मग तक्रार करणाराची खोड मोडण्यासाठीं तो रात्रीं त्यांच्या घरांत शिरून निजलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधून टाकतो. मराठी कथाकीर्तनांत हा प्रसंग ऐकलेल्या माणसाला येथें हंसूं आल्याखेरीज राहत नाहीं. उत्तरार्धांत रंग पालटतो. भागवताच्या दशमस्कंधांतील सोळाव्या अध्यायाची ती कथा : यमुनेच्या डोहांत कालिया सर्प, त्याच्या विषानें नासलेलें पाणी, आणि त्यांत उडी घेणारा कृष्ण. पाण्याखालीं मूल सर्पाशीं झगडत आहे, आणि वर कांठावर नंद, यशोदा, गोपगोपी आकांत करीत आहेत. फाळके एकदां खालचें दाखवितात, एकदां वरचें. पुन्हां खालचें, पुन्हां वरचें. प्रेक्षकाला मूल सुखरूप आहे हें दिसतें, पण यशोदेला दिसत नाहीं. आणि म्हणूनच तिचा आक्रोश पाहणाराच्या काळजाला झोंबतो. अखेरीस सर्पाच्या फणेवर उभा राहून कृष्ण पाण्याबाहेर येतो, नागपत्न्या त्याची करुणा भाकतात, आणि कांठावरची गर्दी हात जोडते.

१९१९ सालीं हें चित्र पाहणाऱ्यांच्या घरांतून साथीच्या रोगांनीं किती मुलें नेलीं होतीं, याची आठवण येथें ठेविली पाहिजे. आदल्याच सालीं इन्फ्लुएन्झाच्या लाटेनें मुंबई इलाख्यांत हाहाकार उडविला होता. पाण्यांत बुडालेलें मूल हंसत परत येतें, हें पाहतांना त्या प्रेक्षकांतील आयांना काय वाटलें असेल, तें कोणत्याहि दप्तरांत लिहिलेलें नाहीं. पण चित्र मुंबईंत महिनोगणती चाललें, याचा अर्थ लावावयास फार विद्वत्तेची गरज नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. देव कोणीं व्हावें, याचें उत्तर एका मुलीनें दिलें. देव कोणीं पहावा, याचें काय? चित्रगृहाच्या खिडकीवर पैसे मोजले जात. देवळाच्या उंबरठ्यावर जन्म मोजला जाई. ज्याच्याजवळ तिकिटापुरते आणे असतील तो आंत येऊन राम पाहूं शके, कृष्ण पाहूं शके. बसावयाच्या जागा तेथेंहि दराप्रमाणें वेगळ्या होत्या, आणि गांवच्या रूढीचा धाक अंधारांत देखील सर्वस्वीं सुटत नसे, हें खरें. तरी पण देवाचें मुख पाहण्याचा हक्क विकत घेतां येतो, तो वंशानें मिळवावा लागत नाहीं, ही गोष्ट या देशांत अपूर्वच होती. यात्रेच्या माळावर राहुटी ठोकून खेळ दाखविणाऱ्यांनीं ती गोष्ट खेड्यापाड्यांत नेली.

आणि तरी देवळाचें दार बंदच होतें. याची सर्वांत बोचरी साक्ष नाशिकच देतें. ज्या शहरांत फाळक्यांनीं कृष्णाचें गोकुळ उभारलें, त्याच शहरांत २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारों माणसें रामाच्या दर्शनासाठीं दारापुढें उभीं राहिलीं आणि दार उघडलें नाहीं. तो लढा वर्षानुवर्षें चालला. पडद्यावरच्या रामाला त्यांनीं पैसे टाकून पाहावें, गाभाऱ्यांतील रामाला पाहूं नये, असा हा न्याय होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं नाशिक जिल्ह्यांतल्याच येवल्यास आंबेडकरांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, ही घोषणा केली, तेव्हां त्या बंद दाराची किंमत काय होती तें सर्वांस कळून चुकलें. चित्रपटानें रात्रीं जें जोडलें तें देवळानें सकाळीं तोडलें, असें म्हणावें लागतें.

या काळोखांत वर्ध्याचा एक दिवा आधींच लागला होता. पवनारपासून पांच मैलांवर वर्धा शहरांत जमनालाल बजाज यांच्या घराण्याचें लक्ष्मीनारायणाचें मंदिर आहे. जुलै १९२८ मध्यें जमनालालजींनीं तें अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुलें केलें. विनोबा तेव्हां वर्ध्यासच होते आणि या कार्यांत त्यांचा हात होता. दगडाच्या देवाचें दार उघडलें कीं तो बाटत नाहीं, याचा पडताळा वर्धेकरांनीं नाशिकच्या सत्याग्रहापूर्वीं दोन वर्षें घेऊन पाहिला.

धुळ्याच्या तुरुंगांत सगुण-निर्गुणाचें विवेचन चाललें होतें त्याच १९३२ सालीं बाळकृष्णाला वाणी फुटली. भालजी पेंढारकर यांनीं पुण्याच्या सरस्वती सिनेटोनसाठीं ‘श्यामसुंदर’ हा बोलपट काढला. मूकपटांतील कृष्ण हावभावांनीं बोले. आतां तो गाऊं लागला. हें काम करणारा चौदा वर्षांचा गोड गळ्याचा मुलगा म्हणजे शाहू मोडक. तो अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबांतला. राधेच्या भूमिकेंत शांता आपटे प्रथमच लोकांपुढें आल्या. मुंबईंत हा बोलपट पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला, आणि हिंदुस्थानांतील पहिला रौप्यमहोत्सवी बोलपट म्हणून त्याची ख्याति झाली.

ख्रिस्ताचें चित्र पाहून फाळक्यांना कृष्ण सुचला होता. वीस वर्षांनीं एका ख्रिस्ती मुलानें त्याच कृष्णाचा मुकुट घातला. हें वर्तुळ कोणीं जाणूनबुजून आंखलेलें नव्हतें. मोडकांचा धर्म लपवून ठेवण्यासारखी गोष्ट नव्हती आणि ती लपलीहि नाहीं. तरी पुढें कित्येक चित्रपटांत लोकांनीं त्यांनाच कृष्ण म्हणून पत्करलें. व्रजांतील स्वरूपाला ब्राह्मण कुळ लागे. मराठी पडद्यावरील स्वरूपाला गोड गळा आणि निर्मळ चेहरा पुरला.

प्रभात कंपनीचें नांव या कथेंत दोनदां येतें. १९२९ सालीं कोल्हापुरांत ती स्थापन झाली आणि तिचें पहिलेंच चित्र ‘गोपालकृष्ण’ हें होतें, मूक. १९३८ सालीं, म्हणजे विनोबा पवनारास आले त्याच वर्षीं, पुण्याच्या प्रभातनगरांत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनीं त्याच नांवाचा बोलपट काढला. त्यांत कृष्ण झाले ते राम मराठे. पुढें गायक व नट म्हणून त्यांनीं मोठा लौकिक मिळविला. दिग्दर्शकांच्या जोडींत एक हिंदु आणि एक मुसलमान. या गोकुळांतील कृष्ण नुसता खोडकर राहिला नाहीं. गोकुळचें दूध गोकुळच्या लेंकरांच्या तोंडीं पडावें, तें कंसाच्या दरबारीं कां जावें, हा सवाल तो उभा करितो. परसत्तेखालील प्रेक्षकांना कंस कोण तें सांगावें लागलें नाहीं.

आणखी दोन वर्षांनीं, १९४० सालीं, याच जोडीनें ‘संत ज्ञानेश्वर’ काढला. येथें प्रश्न अगदीं उघडा होऊन समोर आला. कारण कृष्ण हा लाडका राजपुत्र. पण ज्ञानदेव हें वाळीत टाकलेलें मूल. संन्याशाचीं पोरें म्हणून ज्यांना मुंज नाकारली, ज्यांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, त्या भावंडांचें बालपण पडद्यावर आलें. ज्या समाजानें त्या मुलाला दारांत उभें केलें नाहीं, तोच समाज पुढें शेंकडों वर्षें त्याला ‘माउली’ म्हणत आला. थोर वयाच्या ज्ञानेश्वरांचें काम शाहू मोडकांनीं केलें. आळंदीच्या समाधीपुढें मस्तक ठेवणाऱ्या घरांतून त्यांच्या मुद्रेंतील ज्ञानेश्वरांचीं चित्रें लागलीं. देवाचा अधिकार जन्मावरून ठरत नाहीं, हें ज्ञानदेवाच्या चरित्रांतील सत्य. तें सांगावयास असा नट मिळावा, यापरतें समर्पक काय असावें?

या सर्व प्रकाराकडे सेवाग्राम-पवनारच्या वातावरणांतून संशयानेंच पाहिलें जाई, हें नमूद केलें पाहिजे. गांधीजींना सिनेमाची गोडी नव्हती. १९४४ सालीं जुहू येथें विश्रांति घेत असतां त्यांनीं विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ बोलपटाचा कांहीं भाग पाहिला, एवढीच त्यांची हिंदी बोलपटाशीं ओळख सांगितली जाते. विनोबांनीं तर १९६० सालीं इंदूरला सिनेमाच्या अशोभनीय भित्तिपत्रकांविरुद्ध मोहीम उभारली. या टीकेंत अर्थ होता. जो पडदा देव दाखवितो तोच दुसऱ्या दिवशीं कांहींहि दाखवूं शकतो. त्याला गल्ला तेवढा कळतो. देवाच्या चित्रांचे सुद्धां पुढें ठराविक सांचे बनले. चमत्कार वाढले आणि बाळ हरवला.

परंतु धुळ्याच्या त्या प्रवचनांतच या टीकेची दुसरी बाजूहि सांपडते. सगुण भक्ति सोपी आहे, प्रेमळ आहे, माणसाला जवळची आहे. पण तिला निर्गुणाची जोड नसेल तर ती एका व्यक्तीपाशीं, एका मूर्तीपाशीं अडकून पडते, असा विनोबांच्या विवेचनाचा रोख आहे. बाळकृष्णाच्या चित्रपटांनाहि हीच कसोटी लावतां येईल. मंदाकिनीचा चेहरा पाहून जो तेवढ्यावरच थांबला त्याला एक गोंडस मुलगी दिसली. ज्यानें त्या चेहऱ्यापलीकडे पाहिलें त्याला हेंहि कळावयास हवें होतें कीं, एका मुलींत देव मावतो तर तो कोणत्याहि मुलींत मावेल. ख्रिस्ती घरांतल्या मुलांत मावतो तर काळारामाच्या दारापुढें ताटकळलेल्या मुलांतहि मावेल. पहिली पायरी महाराष्ट्र सहज चढला. दुसरी पायरी चढावयास त्याला फार वेळ लागला.

तो वेळ मोजतांहि येतो. ‘कालिया मर्दन’ निघाला १९१९ सालीं. पंढरपूरच्या विठ्ठलाचें दार अस्पृश्यांना उघडावें म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्यें प्राण पणाला लावून उपोषण करावें लागलें. सगुण-निर्गुणाचें प्रवचन तुरुंगांत उतरून घेणारा हात तोच. मधल्या अठ्ठावीस वर्षांत लाखों मराठी माणसांनीं अंधारांत शेजारीं शेजारीं बसून देवाचें बालपण पाहिलें होतें आणि उजेडांत आल्यावर पुन्हां वेगवेगळ्या वाटांनीं घर गांठलें होतें. १९५८ सालीं विनोबा आपल्या अन्यधर्मी सहकाऱ्यांसह त्याच विठ्ठलमंदिरांत गेले, तेव्हां तेंहि दार आणखी थोडें उघडलें.

पुढल्याच वर्षीं, १९५९ च्या मार्च महिन्यांत, धामेच्या तीरावर विनोबांनीं ब्रह्मविद्यामंदिराची स्थापना केली. भरत-राम भेटीच्या मूर्तीच्या सान्निध्यांत स्त्रियांनीं एकत्र राहावें, शेत करावें, छपाई करावी आणि ब्रह्मविद्येची साधना कोणाच्या मध्यस्थीवांचून स्वतः करावी, अशी ही योजना. स्त्रियांना हा अधिकार आहे काय, असा जुना वाद होता. पवनारनें तो वाद घातला नाहीं, स्त्रियांच्या हातीं आश्रमच सोंपविला. नाशिकच्या अंगणांत सात वर्षांच्या एका मुलीनें मुकुट घालून देवाची जागा घेतली होती, त्याला तेव्हां बरोबर चाळीस वर्षें झालीं होतीं. त्या मुलीचा आणि या आश्रमाचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. पण एकीकडे खेळांत जें मान्य झालें तेंच दुसरीकडे जीवनांत मान्य करावें लागलें, आणि मधल्या वाटेवर किती दारें आडवीं आलीं, हें ज्याला पहावयाचें असेल त्यानें ‘कालिया मर्दना’ची ती पहिली चार चित्रें पहावीं. पडद्यावर अजून कृष्ण आलेला नाहीं. एक साधी मुलगी समोर पाहून हंसत आहे.